हाडाची जाळी व तिची छाया

नळीचें हाड ताटांत पडलें म्हणजे लहानथोरांचें सारें लक्ष मधल्या पोकळींतील मज्जेकडे असतें. ती चोखून काढली कीं हाडाचें काम संपलें असें आपण समजतों. टोंकाकडील जाड गांठ बहुतेक जण एकदां दाढेखालीं घालून पाहतात व टाकून देतात. माझी वाचकांस विनंति आहे कीं, पुढच्या वेळीं त्यांनीं ती गांठ टाकूं नये. ती चांगली उकळून, धुवून, चार दिवस उन्हांत वाळवावी आणि बारीक दांत्यांच्या करवतीनें उभी चिरावी. आंत भरीव हाड जवळजवळ नाहींच असें दिसेल. घोसाळें वेलावरच वाळूं दिलें म्हणजे सालीच्या आंत तंतूंची जी जाळी उरते व जिनें आपल्या आया मुलांचीं अंगें घांसतात, तशीच एक जाळी, मात्र कठीण व पांढरी, त्या गांठींत भरलेली आढळेल. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत हिला सच्छिद्र अस्थि म्हणतात. वर्गांत मी तिला हाडाची जाळी म्हणतों, व या लेखांतहि तोच शब्द ठेवतों.

ही जाळी बारीक काड्यांची व पापुद्र्यांची बनलेली असते. काडीची जाडी सुमारें एक ते दोन दशांश मिलिमीटर. दोन काड्यांमधील अंतर बहुधा अर्ध्या मिलिमीटरापासून एका मिलिमीटरापर्यंत. मधल्या पोकळ्यांत मज्जा राहते, व मज्जेंत रक्ताच्या पेशी जन्मास येतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याच्या वजनांत या जाळीचा वांटा अवघा पांचवा हिस्सा आहे. बाकीचे चार हिस्से बाहेरील भरीव कवचाचे. पण मणके, मनगट, टांच, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, अशा ठिकाणीं, जेथें भार झेलावयाचा व तो पुढें वांटून द्यावयाचा असतो तेथें, निसर्गानें कवच पातळ ठेवून ही जाळीच घातली आहे.

मेळघाटांतील शेतकऱ्यास याचें नवल वाटूं नये. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं तो मचाण उभारतो, तेव्हां मध्यें एकच जाड ओंडका रोवीत नाहीं. चार बेतानें जाड खांब उभे करतो व त्यांना तिरकस दांडे बांधतो. माणसाचा भार कोणत्या वाटेनें जमिनींत उतरणार हें त्याच्या हातांना ठाऊक असतें. पुस्तक त्यानें पाहिलेलें नसतें. हाडालाहि ही वाट ठाऊक आहे, ही गोष्ट १८६६ सालाच्या सुमारास स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं उघडकीस आली. शरीररचनेचे अध्यापक हेर्मान फॉन मायर यांनीं मांडीच्या हाडाचें टोंक उभें चिरून आंतील काड्यांच्या ओळींचीं चित्रें केलीं होतीं. पुलांच्या विद्येंत नांवाजलेले इंजिनिअर कार्ल कुलमान यांच्या तीं दृष्टीस पडलीं. वांकड्या मानेची यारी ओझें उचलते तेव्हां तिच्या अंगांतून दाब व ताण ज्या रेषांनीं वाहतात, त्याच वळणाच्या रेषांवर या काड्या लागलेल्या आहेत, हें त्यांनीं ओळखलें. मायर यांनीं १८६७ सालीं हा विषय प्रसिद्ध केला. पुढें पॅरिसचा आयफेल मनोरा ज्यांनीं आंखला त्यांतील मॉरिस केक्लां हे कुलमान यांचेच शिष्य. तेवढ्यावरून तो मनोरा मांडीच्या हाडावरून बेतला असें कांहीं लेखक हौसेनें सांगतात. तें मला पटलेलें नाहीं. शिष्य गुरूपासून गणित शिकला, हाड शिकला नाहीं.

१८९२ सालीं बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियुस वोल्फ यांनीं याच्याहि पुढची गोष्ट ग्रंथरूपानें मांडली: भार बदलला तर जाळीहि बदलते. त्यांच्या गणिताचा सर्वच भाग टिकला नाहीं, पण मुख्य म्हणणें टिकलें. जें अंग राबतें त्याची जाळी दाट व सरळ होते. जें अंग महिनोन्महिने खाटेवर पडून राहतें त्याची विरळ होते. थोडक्यांत, ही जाळी म्हणजे एकदां बांधून झालेलें घर नव्हे. तिची डागडुजी अखंड चालू असते, व ती डागडुजी करणाऱ्या पेशींना रक्त लागतें. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें जें सांगावयाचें आहे तें सारें त्याच्यावर उभें आहे.

मायर यांच्या वेळीं ही जाळी पाहावयाची तर मनुष्य मेलेला असावा लागे. ती अडचण १८९५ सालच्या ८ नोव्हेंबर रोजीं दूर होऊं लागली. त्या दिवशीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सांपडले, आणि डिसेंबरच्या २२ तारखेस त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांतील आंगठी व बोटांचीं हाडें दाखविणारें तें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. क्ष-किरणचित्र काय दाखवितें हें मात्र थोडेच जण विचारतात. हाडांत कॅल्शियम व फॉस्फरस यांचा क्षार असतो; सोयीसाठीं त्याला चुना म्हणूं. मांसांतून किरण सहज पार जातात, चुन्यांत अडतात, व जेथें अडतात तेथें फिल्म पांढरी राहते. म्हणजे आपण पाहतों ती चुन्याची छाया. सावलीवरून झाड उंच कीं ठेंगणें हें कळतें. तें हिरवें कीं वठलेलें हें नेहमींच कळतें असें नाहीं.

असें असूनहि साध्या चित्रांतून पुष्कळ वाचतां येतें, आणि याचा एक उत्तम नमुना आपल्याच देशांतील आहे. १९७० सालीं मनमोहन सिंग, नागरथ व मैनी या तीन भारतीय डॉक्टरांनीं अमेरिकेंतील अस्थिशस्त्रक्रियेच्या एका मान्यवर मासिकांत एक लेख लिहिला. (हे सिंग निराळे, पंतप्रधान झाले ते निराळे.) मांडीच्या हाडाच्या वरच्या टोंकांत काड्यांच्या रेषांचे पांच समूह असतात: दोन दाब झेलणारे, दोन ताण झेलणारे, व एक बाजूच्या उंचवट्यांतील. वय वाढतें तशी जाळी झिजते, पण ती कशीहि झिजत नाहीं. ज्या रेषांवर भार कमी त्या आधीं पुसट होतात. ज्यांच्यावर मुख्य दाब त्या शेवटपर्यंत तग धरतात. जुनें झोंपडें मोडकळीस येतांना आधीं कामट्या जातात, मग वासे, आणि मेढ मात्र बरेच दिवस उभी दिसते, तसाच हा प्रकार. कोणत्या रेषा उरल्या व कोणत्या गेल्या हें पाहून या तिघांनीं सहा पायऱ्या ठरविल्या. सहावी पायरी निरोगी हाडाची, पहिली अत्यंत झिजलेल्याची. यासाठीं लागतें काय? साधी फिल्म, पाठीमागें उजेड, आणि शिकलेले डोळे. जगभरच्या पुस्तकांत ही मोजणी सिंग यांच्या नांवानेंच ओळखली जाते. तिच्यावर आक्षेपहि आहे, व तो खरा आहे: एकच फिल्म दोन डॉक्टरांपुढें ठेवली तर दोघे निरनिराळी पायरी सांगतात असें वारंवार आढळून आलें. डोळा हा मोजपट्टीसारखा नसतो.

म्हणून शास्त्र पुढें गेलें. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या डोक्याचें थरांथरांचें चित्र घेतलें, आणि १९७९ सालीं त्यांस व ॲलन कॉर्मॅक यांस नोबेल पारितोषिक मिळालें. एकाच बाजूनें पडलेली छाया न पाहतां सर्व बाजूंनीं छाया घ्यावयाच्या व गणितानें त्यांतून मूळ वस्तु पुन्हां उभी करावयाची, ही त्यांतील युक्ति. परंतु रुग्णालयांतील सी. टी. यंत्रास साधारणपणें अर्ध्या मिलिमीटराच्या आंतलें नीट दिसत नाहीं, व हाडाची काडी तर त्याहून बारीक. ही अडचण सोडविण्याचें श्रेय एका मोटारीच्या कारखान्याकडे जातें, ही मला शास्त्राच्या इतिहासांतील मोठी गमतीची गोष्ट वाटते. अमेरिकेंतील फोर्ड कंपनींत ली फेल्डकॅम्प हे शास्त्रज्ञ यंत्राच्या भागांतील, डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा क्ष-किरणांनीं शोधण्याच्या उद्योगांत होते. डॉक्टरांशीं गांठ पडून त्या यंत्राखालीं हाडाचे तुकडे गेले, आणि १९८९ सालीं मानवी हाडाच्या जाळीचें, एकेक काडी निराळी दाखविणारें, लांबी-रुंदी-खोली असलेलें चित्र प्रसिद्ध झालें.

आतां असें चित्र संगणकांत ठेवून जाळीची मोजणी करतात. हाडाच्या ठराविक ठोकळ्यांत काड्यांनीं किती जागा व्यापली, काड्या किती, किती जाड, एकमेकींपासून किती दूर, आणि किती ठिकाणीं एकमेकींस जोडलेल्या? या शेवटच्या प्रश्नासाठीं तर अठराव्या शतकांतील गणिती ऑयलर यांचें सूत्र वापरतात. केवळ चुन्याचें वजन करून भागत नाहीं तें एवढ्याचसाठीं. एका छपरास दहा बारीक वासे आहेत, दुसऱ्यास पांच जाड, लांकूड तितकेंच. वादळांत दोन्ही छपरें सारखीं टिकतील असें कोणी सुतार म्हणणार नाहीं. शिवाय हाडांतील काडी एकदां मधून तुटली म्हणजे शेजारची काडी जाड होईल, पण तुटलेला सांधा सहसा पुन्हां जुळत नाहीं. अलीकडे जिवंत माणसाचें मनगट व घोटा पाहण्याचीं यंत्रेंहि झालीं आहेत. त्यांतील एक मिलिमीटराच्या ब्याऐंशी सहस्रांशाएवढ्या ठिपक्यांनीं चित्र काढतें व त्याच्या पुढच्या पिढीचें एकसष्ट सहस्रांशाएवढ्या ठिपक्यांनीं. तीं यंत्रें मोठ्या संशोधनसंस्थांत असतात. धारणीच्या माणसास तीं पाहण्याचा योग येईल असें वाटत नाहीं, आणि त्याबद्दल मला फारसें दुःखहि नाहीं. दुःख आहे तें निराळ्या गोष्टीचें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव व गांव सांगत नाहीं. धांवण्यांत कधीं दुसरा न आलेला हा मुलगा दिवाळीच्या सुटीहून परत आला तो थोडा लंगडत. कवाईतीच्या तासाला तो जांघ धरून कडेला बसूं लागला. कधीं गुडघा दुखतो म्हणे, कधीं मांडी. दुखणें एका जागीं न राहणारा मुलगा सबबी सांगतो असें मला वाटलें. मीं त्याला कामचुकार म्हटलें. एकदां चारचौघांत म्हटलें. जांघेच्या सांध्याचें दुखणें पुष्कळदां गुडघ्यांत जाणवतें, ही पाठ्यपुस्तकी गोष्ट मला तेव्हां ठाऊक नव्हती.

होळीला घरीं गेला तेव्हां वडिलांनीं त्याला एका रुग्णालयांत नेलें. तेथें कमरेचें एक क्ष-किरणचित्र काढलें. चित्र स्वच्छ आहे, हाडांत दोष नाहीं, असें सांगण्यांत आलें; गोळ्या मिळाल्या. तो कागद मुलानें मला आणून दाखविला. खरें सांगावयाचें तर माझा संशय त्या कागदानें पक्का झाला. शास्त्रानेंच निर्वाळा दिल्यावर मास्तरानें मुलाचें कां ऐकावें? जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो हातांत काठी घेऊन आला. मग मात्र आम्ही त्याला मोठ्या शहरांत पाठविलें. तेथें चुंबकीय यंत्रानें चित्रण झालें. उजव्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा मोठा भाग आंतून मेलेला होता आणि माथ्याकडे तो खचूं लागला होता.

त्याचें सामान आवरतांना पेटीच्या तळाशीं आणखी एक कागद निघाला. दोन वर्षांपूर्वीं रक्त तपासणारी मंडळी शाळेंत आली होती, तेव्हांचा तो. मुलास सिकल सेलचा आजार आहे असें त्यावर स्पष्ट लिहिलें होतें. हे दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवून कोणीहि पाहिले नव्हते. पाहणाऱ्यांत मीहि होतों.

सिकल सेल हा शब्द आपल्या भागांत आतां घरोघरीं ऐकूं येतो, तरी थोडें सांगतों. रक्तांतील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. या आजारांत प्राणवायु कमी पडला कीं त्या कडक होऊन विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं त्यांचें प्रथम वर्णन केलें. दोष मूळ रक्तद्रव्याच्या रेणूंतच आहे हें लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं दाखविलें. भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत आढळला. आणि नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं १९५८ सालीं मध्य भारतांतील रोग्यांविषयीं लिहिलें, तेव्हांपासून विदर्भाचें नांव या आजाराशीं जोडलें गेलें आहे. आईबाप दोघांकडून दोष आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर तें केवळ वाहक, व वाहक बहुधा निरोगी आयुष्य जगतो.

मांडीच्या हाडाच्या गोळ्यास रक्त पोंचविणाऱ्या वाहिन्या थोड्या व अरुंद आहेत. त्यांत विळ्यासारख्या पेशी अडकल्या कीं आंतील जाळीचा पुरवठा तुटतो. अमेरिकेंत २,५९० रोग्यांची पाहणी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, तींत जवळजवळ दहांतील एकाच्या मांडीच्या गोळ्यांत हा प्रकार आधींच झालेला आढळला. म्हणजे ही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. सिकल सेल असलेलें मूल लंगडूं लागलें तर पहिला संशय याचाच यावयास हवा.

मग चित्र स्वच्छ कसें आलें? येथें वर सांगितलेली छायेची गोष्ट पुन्हां आठवावी लागते. रक्त बंद पडलें तेव्हां जाळींतील पेशी मेल्या. पण काड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. त्यांतील चुना कोठेंहि गेला नाहीं. मेलेल्या काडीची छाया जिवंत काडीइतकीच पांढरी पडते. कित्येक आठवडे, कित्येक महिने फिल्म तेंच तें स्वच्छ चित्र दाखवीत राहते. दरम्यान डागडुजी करणारें कोणी उरलेलें नसतें, व रोजच्या चालण्यानें बारीक तुटफूट होतच असते. कडेच्या जिवंत भागांतून नवें हाड आंत शिरूं लागतें तेव्हां कोठें डाग व पांढुरके पट्टे दिसूं लागतात. पुढें माथ्याखालची जाळी चिरडते व कूर्चेच्या खालीं एक बारीक काळी कोर उमटते. डॉक्टर तिला चंद्रकोरच म्हणतात. नांव फार सुंदर आहे. पण ती कोर दिसली म्हणजे घराचें आढें मोडलें असें समजावें.

नुसती झीज असली तरी असेंच आहे. हाडांतील चुन्याचा साधारणतः तिसरा हिस्सा गेल्याखेरीज साध्या फिल्मवर तो गेल्याचें डोळ्यांस दिसत नाहीं. सिकल सेलच्या तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात, तेव्हांहि पहिला आठवडा-दोन आठवडे चित्रांत हाड निर्दोषच दिसतें. चुंबकीय चित्रणाची गोष्ट मुळांतच निराळी. तें पाणी व चरबी यांतील हायड्रोजनचा माग घेतें. चुना त्याला जवळजवळ दिसतच नाहीं. जाळीच्या पोकळ्यांतील मज्जा दिसते. रक्त तुटल्यावर आधीं बदल होतो तो मज्जेंत. म्हणून जेथें एक यंत्र स्वच्छ म्हणतें, तेथें दुसरें त्याच दिवशीं मृत भागाची सीमारेषा आंखून दाखवितें.

माझें म्हणणें असें आहे. ज्या मुलुखांत सिकल सेल आहे, त्या मुलुखांत क्ष-किरणचित्र स्वच्छ आलें एवढ्यावरून लंगडणाऱ्या मुलाचा तपास संपला असें कोणीहि मानूं नये. कागदावर 'दोष नाहीं' हे शब्द लिहूंच नयेत. 'आज या चित्रांत दोष दिसत नाहीं' असें लिहावें. दोन वाक्यांत शब्द थोडेच जास्त आहेत, पण पहिलें वाक्य दार लावतें व दुसरें उघडें ठेवतें. चित्र काढण्याची चिठी लिहितांना तिच्यावरच रक्ततपासणीचा निकाल लिहावा, म्हणजे चित्र वाचणारास आपण कशाच्या शोधांत आहोंत हें कळेल. समोरून एक चित्र काढून थांबूं नये. गुडघे बाहेर पाडून, बेडकाच्या बैठकीसारखें निजवून दुसरें काढावें. गोळ्याचा जो भाग आधीं खचतो तो समोरच्या चित्रांत पुष्कळदां लपतो व या बैठकींत दिसतो. यास नवें यंत्र लागत नाहीं. एक फिल्म जास्त लागते. आणि दोन्ही चित्रें स्वच्छ आलीं, तरी दुखणें टिकलें तर मुलास चुंबकीय चित्रणासाठीं पाठवावें, व तें पाठविणें हें बापाच्या ऐपतीवर सोडूं नये.

शेवटची गोष्ट बोलण्यास सोपी आहे. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा या वाटेनें अमरावती सुमारें दीडशें किलोमीटर पडते, व तेथून नागपूर पुन्हां तितकेंच. घाटांतून एस. टी. नें जावयाचें, रात्रीं कोठें राहावयाचें, मोठ्या इमारतींत कोणत्या खिडकीशीं उभें राहावयाचें, हें कोरकू बापास ठाऊक नसतें. त्याची घरची भाषाहि निराळी. पेरणीच्या दिवसांत दोन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. २०१६ च्या सुमारास आपलें हरिसाल 'डिजिटल गांव' म्हणून गाजलें, व तारेवरून दूरच्या डॉक्टरांस दाखविण्याची गोष्ट तेव्हांपासून आपल्या कानांवर आहे. फिल्म तारेवरून पाठवितां येते, तिचें वाचन नागपुरास बसलेल्या जाणकारानें करावें, हें मला पूर्णपणें मान्य आहे. पण मज्जेचें चित्र घ्यावयाचें तर मुलालाच यंत्रापाशीं जावें लागतें. ही वाट तारेनें तुटत नाहीं.

माझे एक स्नेही म्हणतात, धारणीसच मोठें यंत्र आणा, म्हणजे प्रश्न मिटला. मला तें घाईचें वाटतें. यंत्र आलें व वाचणारा आला नाहीं, तर तेंहि एक दिवस 'स्वच्छ आहे' असें सांगून मोकळें होईल. दुसरे एक स्नेही, हे स्वतः वैद्यकींतले, याच्या अगदीं उलट बोलतात. लवकर कळून तरी काय उपयोग? मेलेलें हाड जिवंत करणारें औषध नाहीं. यांचा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. हाडास भोंक पाडून आंतील दाब कमी करण्याची एक शस्त्रक्रिया आहे. परंतु सिकल सेलच्या रोग्यांवर केलेला एक अभ्यास २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला, त्यांत ती शस्त्रक्रिया व व्यायामोपचार मिळून जितका गुण आला, त्याहून केवळ व्यायामोपचारानें आलेला गुण तीन वर्षांनंतर कमी ठरला नाहीं. तेव्हां लवकर कळलें कीं गोळा वांचलाच, असें मी कोणास वचन देणार नाहीं. पण लवकर कळलें असतें तर त्या मुलाला मीं मैदानावर धांवावयास लावलें नसतें. त्याच्या हातांत कुबडी पांच-सहा महिने आधीं आली असती, सांधा मोकळा ठेवण्याचा व्यायाम सुरू झाला असता, आणि आपल्याला दुखतें तें खरें आहे हें त्याला कोणीतरी सांगितलें असतें. या शेवटच्या गोष्टीस वैद्यकांत काय किंमत आहे मला ठाऊक नाहीं. शाळेंत आहे.

२०२३ सालच्या जुलैच्या १ तारखेस मध्य प्रदेशांतील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांच्या आंतील सात कोटि लोकांचें रक्त तपासावयाचें व २०४७ पर्यंत हा आजार हटवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे व त्याचें मी स्वागत करतों. मात्र रक्त तपासून हातांत पत्रक दिलें म्हणजे मोजणी होते. त्या पत्रकाचा उपयोग पुढें दुसऱ्या कोणी दुसऱ्या दिवशीं करावयाचा असतो, आणि तो दिवस कोणत्याहि मोहिमेच्या दिनदर्शिकेंत छापलेला नसतो. तो दिवस मुलगा लंगडतो त्या दिवशीं येतो.

आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें परिचारक होतील, क्ष-किरणचित्रें काढणारे होतील, कोणी डॉक्टरहि होईल. त्यांच्यासाठीं यंदा विज्ञानशाळेच्या खिडकीच्या कांचेवर मीं एक फिल्म लावून ठेवली आहे. मुलाच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीनें, नांवाची पट्टी कापून. होळीच्या दिवसांत काढलेली ती स्वच्छ फिल्म आहे. शेजारीं चिरलेली नळीची गांठ ठेवली आहे. मुलें आधीं गांठ पाहतात, मग फिल्मवर त्याच रेषा शोधतात. दाबाच्या रेषा लवकर सांपडतात, ताणाच्या उशिरा. रेषा सांपडल्या कीं मी विचारतों, हें हाड जिवंत कीं मेलेलें? पहिल्या दिवशीं सर्वांनीं एका स्वरांत जिवंत म्हणून सांगितलें. एका मुलीनें मात्र विचारलें, यावरून तें कळतें का?

तो मुलगा आतां शाळेंत नाहीं. दहावीची परीक्षा त्यानें बसून दिली व उत्तम रीतीनें उतरला. उजवा पाय थोडा आंखूड झाला आहे. सांधा बदलण्याचा विचार त्याचें वय वाढेपर्यंत डॉक्टरांनीं पुढें ढकलला आहे. परतवाड्यास तो मोबाईल दुरुस्तीचें काम शिकतो, बसून करावयाचें काम म्हणून. वसतिगृहाच्या आजारी मुलांच्या नोंदवहींत आम्ही यंदाच्या जूनपासून एक नवा रकाना आंखला आहे. नांवाच्या आधींच तो येतो. त्यांत रक्ततपासणीचा निकाल लिहितात, व निकालाचा कागद पेटींत न ठेवतां वहीच्या त्याच पानास टांचतात.